इंडिकेटरचे बटण अंगठ्याला सापडत नाही, तेव्हा दोष कोठे शोधावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बरीच वर्षे गिअर नसलेली स्कूटर चालवल्यावर आपण ३५० सीसीची मोटारसायकल घेतली, वळताना इंडिकेटर द्यायला जावे तर हॉर्न वाजतो, दिलेला इंडिकेटर बंद करायचा राहून जातो, आपल्या पत्नीही हीच गाडी चालवतात, पण त्यांचा अंगठा बटणापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि आपोआप बंद होणारा इंडिकेटर बाहेरून बसवून घ्यावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो आणि नवशिक्यांना गाडी शिकवतो, त्यामुळे ही तक्रार मला हत्यारे हातात असताना ऐकू येते आणि शिकणाऱ्याच्या मागे बसलेला असतानाही दिसते. शोरूममध्ये यावर सहसा 'सवय होईल' एवढेच उत्तर मिळते. सवय होते हे खरे आहे. परंतु यातल्या पुष्कळशा अडचणी चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणातून आलेल्या नसतात. त्या बटणाच्या घडणीतून आणि हँडलवरच्या मांडणीतून येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पाना व स्क्रू ड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात दूर करता येतात, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम हे पाहू की इंडिकेटरचे बटण आपल्याला नेमके कोणत्या क्षणी हवे असते. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून उजवे वळण हे जास्त जोखमीचे असते. समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग ओलांडावी लागते आणि मागून येणाऱ्याला आपला बेत आधी कळावा लागतो. या वेळी उजव्या हाताची बोटे पुढच्या ब्रेकवर आणि तळवा थ्रॉटलवर असतो, उजवा पाय मागच्या ब्रेकवर असतो, डावा पाय गिअर उतरवत असतो, डाव्या हाताची बोटे क्लच ओढत असतात आणि डोळे आरशाकडून समोरच्या रस्त्याकडे व तेथून पुन्हा आरशाकडे जात असतात. सगळ्या शरीरात मोकळा असा एकच अवयव उरतो, तो म्हणजे डाव्या हाताचा अंगठा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. म्हणजे बटण शोधायला एक सेकंद मान खाली घातली तरी दोन मोटारींच्या लांबीपेक्षा जास्त रस्ता न पाहता पार होतो. म्हणून इंडिकेटरचे बटण वापरायला सोपे आहे की नाही, याची कसोटी एकच ठेवावी : क्लच ओढलेला असताना, न पाहता, हातमोजा घातलेल्या अंगठ्याला ते सापडते का, हलते का, आणि हलल्याचे कळते का. स्कूटरवरून आलेल्या माणसाला ही कसोटी विशेष जड जाते, कारण स्कूटरवर डाव्या हाताला क्लच नसतो. तेथे अंगठा जवळजवळ नेहमीच मोकळा व स्थिर असतो.

आता अंगठ्याची हालचाल जवळून पाहिली पाहिजे. डाव्या मुठीच्या आतल्या बाजूला स्विचची डबी असते, म्हणजे अंगठा बटणाकडे डावीकडून येतो. उजवा इंडिकेटर द्यायचा तर अंगठ्याने बटण पलीकडे ढकलायचे असते, आणि त्यासाठी अंगठा बाहेर ताणावा लागतो. डावा इंडिकेटर द्यायचा तर अंगठा बटणाच्या वरून पलीकडे नेऊन त्याला आपल्याकडे ओढायचे असते. मोठा पंजा असलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. लहान पंजाच्या माणसाला उजवीकडचा शेवटचा दोन-तीन मिलिमीटरचा प्रवास पुरत नाही, खटका बसण्याआधीच अंगठा संपतो आणि बटण परत येते. त्यातच क्लच पूर्ण ओढला की तळवा मुठीवर किंचित पुढे फिरतो आणि अंगठ्याची पोच आणखी कमी होते. ही गोष्ट शोरूममध्ये उभ्या गाडीवर नुसते बटण दाबून पाहणाऱ्याच्या कधीच लक्षात येत नाही.

म्हणून गाडी मुख्य स्टँडवर लावून, इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून एकदा नीट तपासणी करा. नेहमीसारखे बसा, पाठ जशी असते तशी ठेवा, नेहमीचे हातमोजे घाला, डोळे मिटा आणि क्लच पूर्ण ओढून उजवा, बंद, डावा, बंद असा क्रम काही वेळा करा; शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीने फक्त दिव्यांकडे पाहून सांगावे. कोठे अंगठा चुकतो, वर जातो की खाली, पोहोचत नाही की पोहोचून घसरतो, हे एवढ्यात स्पष्ट होते. आपण व आपल्या पत्नी दोघांनीही हे स्वतंत्रपणे करावे, कारण दोघांचे उत्तर वेगळे येईल आणि त्यावरचा उपायही वेगळा असेल.

हॉर्न वाजण्याबाबत. पूर्वापार चालत आलेली मांडणी अशी, की डाव्या डबीवर सर्वांत वर डिपर, मध्ये इंडिकेटर आणि खाली हॉर्न. होंडाने गेल्या दीड दशकातल्या आपल्या अनेक गाड्यांत इंडिकेटर आणि हॉर्न यांची अदलाबदल केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सीबी३५० मध्येही हॉर्न मध्ये आणि इंडिकेटर खाली आहे. त्यामागचा विचार समजण्याजोगा आहे, कारण अंगठा सहज विसावतो त्या ठिकाणी तातडीच्या वेळी लागणारे बटण असावे असे म्हणता येते. तरीही मला ही मांडणी पसंत नाही. आपल्या देशात एका घरात दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या असतात, माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी चालवतो, आणि अंगठ्याची सवय गाडीप्रमाणे बदलत नाही. वळताना अचानक हॉर्न वाजला तर समोरचा पादचारी दचकतो, हा एक भाग झाला. त्याहून गंभीर भाग असा की हॉर्न वाजला म्हणून चालवणारा गोंधळतो आणि इंडिकेटर न देताच वळण घेतो. आपल्या गाडीत मांडणी अशी उलटी असेल तर तारांची अदलाबदल करून ती पालटण्याचा विचार मनात आणू नका. दोन्ही बटणांची यंत्रणा वेगळी असते, एक दाबून धरण्याचे आणि दुसरे सरकवण्याचे, त्यामुळे ते जमणारही नाही. येथे मात्र सवयच लावावी लागते, आणि ती कशी लावावी हे पुढे सांगतो.

मांडणीचा विषय निघाला आहे म्हणून थोडे विषयांतर करतो, कारण त्यातून सोपेपणा कशात असतो हे चांगले कळते. बीएमडब्ल्यूने १९८३ च्या के१०० पासून बरीच वर्षे तीन बटणांची पद्धत चालवली : डाव्या इंडिकेटरचे बटण डाव्या मुठीपाशी, उजव्याचे उजव्या मुठीपाशी आणि बंद करण्याचे तिसरे बटण उजव्या अंगठ्याखाली. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांत आजही डाव्यासाठी डावे आणि उजव्यासाठी उजवे बटण असते, तेच पुन्हा दाबले की इंडिकेटर बंद होतो. कागदावर यापेक्षा तर्कशुद्ध काही असू शकत नाही. ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा अंगठा दाबायचा. परंतु उजवा अंगठा थ्रॉटलच्या मुठीला आधार देत असतो. ब्रेकवर बोटे ठेवून, थ्रॉटल सांभाळत, त्याच हाताचा अंगठा उचलून बटण दाबायचे म्हटले की थ्रॉटल हलतो आणि गाडीला हिसका बसतो. आपल्याकडे अवघड वळण उजवेच, म्हणजे नेमके त्याच वेळी उजव्या हातावर जास्तीचे काम येते. बीएमडब्ल्यूने २००९ च्या सुमारास के१३०० मालिकेपासून ही पद्धत सोडून सर्वांसारखे डावीकडचे एकच बटण स्वीकारले. हे बटण सरकवण्याची दिशा आणि वळण्याची दिशा एकच असावी, हे मात्र सगळीकडे पाळले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ६० क्रमांकाचा नियम दुचाकीच्या हँडलवरील नियंत्रणांविषयी आहे आणि त्यात ही अट स्पष्ट आहे. सरकवायचे आणि बंद करायला आत दाबायचे, ही जपानी गाड्यांबरोबर रुळलेली पद्धत मला सर्वांत सरस वाटते. चालू करण्याची हालचाल आडवी आणि बंद करण्याची हालचाल आतली, त्यामुळे घाईत एकीच्या जागी दुसरी होत नाही. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे आलेल्या १०० सीसीच्या अनेक गाड्यांत बटण हाताने अचूक मधोमध आणावे लागे, आणि जरा जास्त सरकले की डावा बंद होऊन उजवा सुरू होई. ज्यांनी त्या गाड्या चालवल्या आहेत त्यांना आत दाबण्याच्या सोयीची किंमत कळते.

आता आपल्या पत्नींच्या अडचणीकडे येतो, कारण येथे गॅरेजमध्ये खरोखर काही करता येते आणि तेच सहसा कोणी करत नाही.

पहिले काम स्विचच्या डबीला हात न लावता करायचे असते. क्लचच्या लिव्हरचा कोन पाहा. आपल्या पत्नी गाडीवर बसल्यावर त्यांच्या कोपरापासून मनगट आणि तेथून बोटे एका सरळ रेषेत लिव्हरवर पडली पाहिजेत. लिव्हर फार वर, जवळजवळ आडवा बसवलेला असेल तर बोटे त्यावर ठेवण्यासाठी मनगट मागे मोडावे लागते, आणि मनगट मोडले की अंगठा डबीपासून वर व दूर जातो. लिव्हरच्या कड्याचा बोल्ट सैल करून तो थोडा खाली फिरवला की अनेकदा एवढ्यानेच अंगठा बटणावर येतो. लिव्हरची अंतराची सोय असेल तर ती सर्वांत जवळच्या आकड्यावर ठेवावी. बोटांना ताण कमी पडला की तळवा पुढे फिरत नाही. चारऐवजी दोन बोटांनी क्लच ओढण्याची सवयही या कामी उपयोगी पडते, मात्र त्यासाठी क्लच केबल वंगण घालून हलकी झालेली असावी.

दुसरे काम डबीचे. डबी दोन अर्धांची असते आणि खालून दोन स्क्रूंनी आवळलेली असते. ते सैल केल्यावर ती मुठीच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर सरकते का आणि किंचित फिरते का, ते पाहावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक गाड्यांत डबीच्या आत एक छोटी खुंटी असते आणि ती हँडलच्या नळीला पाडलेल्या छिद्रात बसते, म्हणजे डबी जागची फिरू नये. अशा वेळी काही मेकॅनिक ती खुंटी सरळ कापून टाकतात. तसे करू देऊ नका. खुंटी गेली की डबी नुसत्या स्क्रूंच्या आवळण्यावर राहते आणि काही महिन्यांनी बटण दाबताच अख्खी डबी फिरू लागते. खुंटी असेल तर हँडलच मधल्या क्लॅम्पमध्ये थोडे मागे फिरवावे. त्याने मुठी, लिव्हर आणि डबी एकत्र चालकाकडे येतात. हे झाल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून पाहावे आणि क्लच केबल, ब्रेकची नळी किंवा तारांचा जुडगा कोठे ताणला जात नाही ना, हँडल टाकीला लागत नाही ना, याची खात्री करावी. हँडल वळवल्यावर इंजिनाचा आवाज वाढत असेल तर थ्रॉटल केबल ओढली जात आहे, आणि गाडी तशी रस्त्यावर नेऊ नये.

तिसरी गोष्ट मुठीवरच्या गाद्यांची. स्पंज किंवा जाड रबराची आवरणे बसवण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. अशा आवरणाने मुठीचा घेर वाढतो, बोटे व अंगठा दोन्ही मागे राहतात, आणि ज्याचा पंजा आधीच लहान आहे त्याला बटण आणखी लांब जाते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका शिक्षिकाबाईंचा अंगठा उजव्या इंडिकेटरच्या खटक्यापर्यंत पोहोचतच नव्हता. मुठीवरचे स्पंजचे आवरण काढले, लिव्हर थोडा खाली घेतला आणि त्याच बैठकीत त्यांनी न पाहता उजवा इंडिकेटर दिला. मोबाईलचे होल्डर, जादा दिव्यांचे स्विच हेही डबीला चिकटून बसवलेले असतात. ते आधी दूर हलवावेत. हातमोज्यांचेही तसेच आहे. उन्हापासून संरक्षण म्हणून वापरले जाणारे कोपरापर्यंतचे सुती मोजे गुळगुळीत प्लॅस्टिकवर घसरतात आणि त्यांच्या अंगठ्याचे टोक बहुधा रिकामे लोंबत असते. अंगठ्याला घट्ट बसणारा, टोकाला खरखरीत पट्टी असलेला मोजा घेतला तर फरक लगेच जाणवतो.

इंडिकेटर बंद करायचा राहून जातो, या तक्रारीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. न दिलेल्या इंडिकेटरपेक्षा चालू राहिलेला इंडिकेटर अधिक घातक ठरू शकतो, कारण न दिलेल्या इंडिकेटरने समोरचा सावध राहतो, तर चालू राहिलेला त्याला खोटी खात्री देतो. डावा इंडिकेटर लुकलुकत आपण सरळ चाललो आहोत, डावीकडच्या गल्लीतून रिक्षा बाहेर पडू पाहत आहे. रिक्षावाल्याला वाटते ही गाडी आत वळणार, आणि तो पुढे येतो. आपल्याकडे अनोळखी माणसे हाताची बोटे उघडमीट करून 'साइड लाइट चालू आहे' अशी खूण करतात, हे आपल्या रस्त्यांवरचे मोठे सौजन्य आहे. परंतु त्यावर विसंबता येत नाही.

विसर का पडतो, याचे उत्तर पुन्हा बटणातच आहे. बटणांचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात सरकवलेले बटण त्याच बाजूला अडकून राहते आणि आत दाबल्यावर मध्ये परत येते. दुसऱ्या प्रकारात सरकवून सोडले की बटण लगेच मध्ये येते, चालू-बंदची नोंद आतल्या खटक्याने किंवा इलेक्ट्रॉनिक भागाने ठेवलेली असते. दुसरा प्रकार हाताला अधिक हलका आणि सुबक लागतो, पण त्यात अंगठ्याला काहीच कळत नाही. बटण मध्ये आहे म्हणजे इंडिकेटर बंद आहे, असे नसते. पहिल्या प्रकारात निदान चाचपून समजते. मग उरतो मीटरवरचा हिरवा बाण. भर दुपारी, मीटरच्या काचेवर ऊन असताना, तो दिसत नाही. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा असतो, तो लुकलुकतो पण कोणती बाजू चालू आहे हे सांगत नाही. फ्लॅशरची, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या छोट्या भागाची, टिकटिक हेल्मेटच्या आत आणि रहदारीच्या आवाजात ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे यंत्र आपल्याला आठवण करून देण्यात कमी पडते आणि दोष मात्र चालकाच्या पदरी येतो.

मोटारीत स्टिअरिंग सरळ झाले की इंडिकेटर आपोआप बंद होतो, मग मोटारसायकलीत का नाही, असे आपण विचारले आहे. मोटारीचे स्टिअरिंग वळताना बरेच फिरते आणि परत येताना त्याच्या दांड्यावरचा उंचवटा इंडिकेटरची कांडी मागे ढकलतो. मोटारसायकल चालत्या वेगात हँडल फिरवून वळत नाही, ती कलून वळते. वेगात हँडल जेमतेम हलते, आणि कलायला सुरुवात करताना तर ते क्षणभर वळणाच्या उलट दिशेला जाते. लेन बदलताना हालचाल जवळजवळ नसतेच. म्हणून नुसत्या हँडलच्या कोनावर भरवसा ठेवून केलेली यंत्रणा चौकातल्या हळू वळणात ठीक काम करते आणि मोठ्या रस्त्यावर कमी पडते. यामाहाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या मोठ्या गाड्यांत वेगळा मार्ग घेतला : साधारण १० सेकंद उलटले पाहिजेत आणि गाडी साधारण १५० मीटर पुढे गेली पाहिजे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्या की इंडिकेटर बंद. ही दुहेरी अट फार विचारपूर्वक घातलेली आहे. नुसती वेळ धरली तर लाल सिग्नलला उभे असतानाच इंडिकेटर बंद होईल. नुसते अंतर धरले तर वेगात लेन बदलताना तो पुरेसा वेळ लुकलुकण्याआधीच बंद होईल. आपल्याकडे बजाजने पल्सरमध्ये आपोआप बंद होणारे इंडिकेटर दिले होते, आणि एथरच्या विजेवरच्या स्कूटरमध्येही ही सोय आहे. महागड्या गाड्यांत आता कलण्याचा कोन मोजणारा संवेदक असतो. गाडी कलून पुन्हा सरळ उभी राहिली हे त्याला कळते, आणि तेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

आपोआप बंद करणारे किट बाहेरून बसवावे की नाही, या निर्णयाआधी स्विचच्या देखभालीचे सांगतो, कारण जड झालेले बटण ही पुष्कळदा घाणीची तक्रार असते आणि ती पावसाळ्यानंतर हमखास येते. डबी उघडली की आत सरकणाऱ्या बटणाखाली एक पितळी पट्टी, तिच्याखाली बारीक स्प्रिंग आणि बऱ्याच बनावटींत शेंगदाण्याच्या कणाएवढी पोलादी गोळी असते. ती गोळी खाचेत पडते तोच आपल्या अंगठ्याला जाणवणारा खटका. पाणी, धूळ आणि जुने ग्रीस मिळून काळा चिकट थर होतो, त्यात गोळी अडकते आणि खटका मऊ पडतो. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारट हवेने पितळेवर हिरवा कळंक चढतो, मग बटण सरकते पण दिवा लागत नाही, किंवा दोन-तीनदा हलवल्यावर लागतो. साफ करताना डबी एखाद्या परातीत किंवा कपड्यावर धरून उघडावी, नाहीतर गोळी उडते आणि मग अख्खा स्विच बदलावा लागतो. पितळी भाग इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट साफ करण्याच्या फवाऱ्याने धुवावेत, कळंक असल्यास अगदी बारीक पॉलिश कागदाने हलके घासावेत, आणि इलेक्ट्रिक कामाचे ग्रीस नखभर लावावे. पेट्रोलने धुणे टाळावे. त्याने सगळे वंगण निघून जाते आणि काही प्लॅस्टिकचे भागही ठिसूळ होतात. गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा बाहेरून मारून दिला तर बटण आठवडाभर हलके चालते, नंतर त्याच तेलावर धूळ बसून पूर्वीपेक्षा जड होते. स्विच बदलायची वेळ आलीच तर कंपनीचाच घ्यावा. बाजारातल्या स्वस्त स्विचचे बटण बहुधा चपटे असते, त्याचा खटका अस्पष्ट असतो, आणि वरच्या-खालच्या बटणांच्या कडा सारख्याच उंचीच्या असल्याने अंगठ्याला एकातून दुसरे ओळखता येत नाही.

दिव्यांचा वेगही कानाडोळा करण्याजोगा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. एका बाजूचा वेग अचानक वाढला तर बहुतेक वेळा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. जुन्या फ्लॅशरमध्ये उलट तो न लुकलुकता स्थिर पेटून राहतो. साध्या १० वॉटच्या बल्बांच्या जागी एलईडी बसवले तरी प्रवाह कमी झाल्याने असाच वेग वाढतो. त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा. तारांमध्ये रेझिस्टर, म्हणजे जादा प्रवाह ओढून घेणारा भाग, घालण्याचा उपाय मला आवडत नाही, कारण तो तापतो आणि प्लॅस्टिकला चिकटून असला तर ते वितळवतो. मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून एकच दिवा असलेल्या गाडीत एलईडी बसवल्यावर कधी कधी चारही दिवे एकदम लुकलुकू लागतात. मीटरच्या दिव्यातून थोडा प्रवाह दुसऱ्या बाजूला जातो आणि एलईडीला तेवढा पुरतो. तेथे दोन डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग, घालावे लागतात, आणि हे काम इलेक्ट्रिकचे जाणकार असलेल्याकडेच द्यावे.

सवयीबद्दल सांगतो म्हटले होते. इंडिकेटर क्लच ओढण्याच्या आधी द्या. तोपर्यंत तळवा स्थिर असतो आणि अंगठ्याची पोच पूर्ण असते. आरसा, इंडिकेटर, मग क्लच व ब्रेक, मग खांद्यावरून नजर, हा क्रम एकदा ठरला की तो मोडू नका. हॉर्न मध्ये असलेल्या गाडीत अंगठा वरून खाली न नेता मुठीच्या खालच्या कडेवरून वर आणण्याचा सराव उभ्या गाडीवर करा. अंगठ्याला पहिले लागणारे बटण मग इंडिकेटरच असते. बंद करण्यासाठी मी शिकणाऱ्यांना एकच नियम देतो : प्रत्येक वळण संपून गिअर वर टाकला की बटण आत दाबायचे, इंडिकेटर चालू असो वा नसो. बंद असलेले बटण दाबल्याने काही बिघडत नाही, आणि आठवण ठेवण्याचे काम डोक्यावरून अंगठ्यावर जाते. घाटात किंवा पावसात चारही दिवे लुकलुकवत चालण्याची पद्धत मात्र पूर्ण सोडा. बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना इंडिकेटर दिला तरी मागच्याला तो कळत नाही.

आता आपोआप बंद करणाऱ्या किटचे. बाजारात मिळणारी स्वस्त किट बहुतेक नुसत्या वेळेवर चालतात. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या चौकांत सिग्नलला मिनिटभर थांबावे लागते, तेवढ्यात किटने इंडिकेटर बंद केलेला असतो आणि आपण तो चालू आहे अशा समजुतीने वळतो. म्हणून आपल्या गाडीला तसे किट बसवू नये असे माझे मत आहे. त्याऐवजी एक छोटा बझर बसवून घ्यावा, जो इंडिकेटर चालू असेपर्यंत हलका आवाज देत राहील. त्याचा आवाज हेल्मेटमध्ये ऐकू येण्याइतका असावा. सिग्नलला उभे असताना तो थोडा त्रासदायक वाटतो, पण तो त्रास पत्करण्याजोगा आहे. डावी व उजवी अशा दोन्ही तारांवरून बझरला डायोडमधून पुरवठा द्यावा लागतो, अन्यथा दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात. नव्या गाडीच्या तारा सोलून किंवा कापून जोडणी करू देऊ नका, वॉरंटी नाकारली जाण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे. फ्लॅशरच्या किंवा मीटरच्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या खोबणीत, बसणारा जादा कपलर मिळतो, तो वापरायला सांगा, आणि काम झाल्यावर गाडी तेथेच धुण्याच्या पाण्याखाली धरून बझर व चारही दिवे एकदा तपासून घ्या.